वाढायचं नाही, असं ठरवलेला मठ

२०२३ च्या सुरुवातीला फ्रान्समधून मद्यव्यापाऱ्यांना एक पत्र गेलं. शार्त्रूझ नावाचं हिरवं आणि पिवळं लिकर, म्हणजे वनस्पतींचा अर्क असलेलं गोड मद्य, यापुढे जास्त बनणार नाही, मागणी कितीही वाढली तरी मिळेल तेवढ्यातच भागवावं लागेल, असा त्याचा आशय होता. कारणही सरळ दिलं होतं. हे लिकर कार्थुशियन या कॅथलिक धर्मसंघाच्या मठवासींचं आहे आणि त्यांना आपला वेळ एकांतासाठी आणि प्रार्थनेसाठी हवा आहे. निसर्गावर पडणाऱ्या भाराचाही त्यात उल्लेख होता. वर्षाला सुमारे सोळा लाख बाटल्या, त्यापुढे नाही.

त्या वेळी मागणी शिगेला पोचली होती. कोविडच्या काळात लोक घरच्या घरी कॉकटेलं बनवायला शिकले होते, अमेरिकेतल्या बारमध्ये जुनी मिश्रणं पुन्हा चलतीत आली होती आणि त्यांतल्या काहींना शार्त्रूझशिवाय चव येत नाही. अशा वेळी धंद्यातला माणूस कर्ज काढतो, नवी भट्टी लावतो, दुसरी पाळी सुरू करतो. मठाने नकार दिला.

या नकारावर एक आक्षेप साहजिकच मनात येतो आणि तो फार सज्जन वाटतो. जास्त विकलं असतं तर जास्त पैसा आला असता आणि तो गोरगरिबांना देता आला असता. मग चार भिंतींआड बसून राहण्याचा हट्ट स्वार्थीपणाचा नाही का? माझ्या मते हा नकार पूर्णपणे योग्य होता. हा आक्षेप नवाही नाही. या संघावर तो एका सम्राटाने घेतला, नंतर एका प्रजासत्ताकाने घेतला, आता बाजार घेतो आहे. तिघांची भाषा वेगळी असली तरी मागणी एकच आहे: तुम्ही आमच्या उपयोगी पडा, आणि किती उपयोगी पडायचं ते आम्ही ठरवू.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा संघ चटकन समजणं अवघड आहे. आपल्याकडे ‘फादर’ किंवा ‘सिस्टर’ म्हटलं की डोळ्यांसमोर शाळा येते, दवाखाना येतो, वसतिगृह येतं. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये जेझुइटांनी सुरू केलं आणि त्यात शिकलेल्यांच्या पिढ्या आपल्या सार्वजनिक जीवनात दिसतात. धर्मसंघ म्हणजे समाजकार्य हे समीकरण त्यामुळे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. कार्थुशियन यांतलं काहीच करत नाहीत. शाळा चालवत नाहीत, प्रवचनं देत नाहीत, गावोगाव फिरत नाहीत. मठ आतून पाहू देत नाहीत. पाहुण्यांसाठी दोनेक किलोमीटर खाली एका जुन्या इमारतीत संग्रहालय आहे, तिथूनच परतायचं. त्यांच्यापैकी कुणी पुस्तक लिहिलं तर त्यावर लेखकाचं नाव नसतं, ‘एक कार्थुशियन’ एवढंच छापलेलं असतं. मेल्यावर शवपेटी नाही आणि कबरीवरच्या लाकडी क्रूसावर नाव नाही.

संघाचा उगम १०८४ चा. कोलोनमध्ये जन्मलेला ब्रूनो हा रँस इथल्या कॅथेड्रलच्या शाळेचा प्रमुख होता, नावाजलेला अध्यापक. आपल्याच आर्चबिशपच्या भ्रष्टपणाविरुद्ध उभं राहण्याची किंमत त्याने मोजली होती. पुढे तो बिशप होईल असं सगळ्यांना वाटत असताना तो सहा सोबत्यांना घेऊन ग्रनोबलच्या बिशप ह्यूकडे गेला आणि ह्यूने त्यांना आल्प्सच्या कुशीतल्या शार्त्रूझ नावाच्या दुर्गम खोऱ्यात जागा दिली. सहा वर्षांनी त्याचाच जुना विद्यार्थी पोप दुसरा अर्बन याने त्याला रोमला बोलावून घेतलं. ब्रूनो गेला, पण दरबारात रमला नाही. पुन्हा एकांत शोधत तो इटलीच्या दक्षिणेला कलाब्रियात गेला आणि ११०१ मध्ये तिथेच वारला. त्याने नियमांचं पुस्तक लिहिलं नाही. ते काम पाचवा मठाधिपती गीग याने केलं, ११२० च्या दशकात.

गीगचा ग्रंथ मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात अध्यात्माइतकाच हिशेब आहे. मठात साधक किती असावेत? तेरा, फार तर चौदा. कष्टाची कामं करणारे ब्रदर किती? सोळा. ही संख्या एवढी लहान का, याचं कारणही त्याने सांगून ठेवलं आहे: माणसं वाढली की खर्च वाढणार, या डोंगराला तो झेपणार नाही, मग आपल्याला भीक मागत हिंडावं लागेल आणि ज्यासाठी इथे आलो तेच हातचं जाईल. जमिनीचंही तसंच. ठरलेल्या हद्दीबाहेर शेत, द्राक्षमळा, चर्चचं उत्पन्न, काहीही घ्यायचं नाही. त्या काळात युरोपातले मठ दानात मिळालेल्या जमिनींवर गबर होत होते. श्रीमंत माणूस मरताना आत्म्याच्या शांतीसाठी गाव लिहून देई आणि मठ तो घेई. कार्थुशियनांनी ती वाट नियमाने बंद करून टाकली.

नव्हेरच्या काउंटची हकीकत याच काळातली, गिबेर द नोजाँ या समकालीन मठाधिपतीने लिहून ठेवलेली. काउंट मठ पाहायला आला, तिथलं दारिद्र्य पाहून हेलावला आणि घरी गेल्यावर त्याने चांदीची भांडी पाठवून दिली. मठाने ती परत केली. मग काउंटने गुरांची कातडी आणि चर्मपत्रं पाठवली आणि ती मात्र ठेवून घेतली, कारण त्यांवर ग्रंथांच्या नकला करता येत. आम्ही तोंडाने उपदेश करत नाही म्हणून हातांनी करतो, असं गीगचंच म्हणणं होतं. चांदी नको, चामडं हवं, हा निवड करण्याचा शहाणपणा मला २०२३ च्या पत्रातही दिसतो. देणगी नाकारणं आणि मागणी नाकारणं यांत गुणात्मक फरक नाही. दोन्ही वेळा त्यांनी आधी आपलं काम काय ते पाहिलं आणि मग किती लागेल ते ठरवलं.

ते काम दिवसभरात कसं दिसतं, हे जरा जवळून पाहायला हवं, नाहीतर ‘एकांत’ हा शब्द हवेतच राहतो. प्रत्येक साधकाला एक छोटं दुमजली घर असतं. खाली लाकूडफाटा आणि कामाचं बाकडं, वर प्रार्थनेची, अभ्यासाची आणि झोपायची जागा, बाजूला उंच भिंतींत बंदिस्त चिमुकली बाग. दाराशेजारी भिंतीत एक खिडकीवजा कप्पा असतो. ब्रदर हातगाडीवरून जेवण आणतो, बाहेरून कप्प्यात ठेवतो आणि निघून जातो. आतला माणूस आतून ते घेतो. भेट होत नाही. काही हवं असेल, शाई म्हणा, खिळे म्हणा, तर चिठ्ठी लिहून त्याच कप्प्यात ठेवायची. मांस कधीच नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ईस्टरपर्यंत दिवसातून एकच पूर्ण जेवण आणि संध्याकाळी पाव. शुक्रवारी बहुधा पाव आणि पाणी. आल्प्समधली थंडी घालवायला शेगडी असते, तिची लाकडं ज्याची त्याने फोडायची.

रात्र तर दोन तुकड्यांत विभागलेली असते. संध्याकाळी लवकर झोपायचं, मध्यरात्रीच्या आधी उठायचं, अंधाऱ्या चर्चमध्ये जमून दोन-तीन तास स्तोत्रं गायची, परत येऊन पुन्हा झोपायचं, पहाटे पुन्हा उठायचं. हे आयुष्यभर. रविवारी एकत्र जेवण, तेही बोलल्याशिवाय. आठवड्यातून एकदा सगळे मिळून डोंगरात लांब फिरायला जातात आणि तेव्हा मात्र मनमोकळं बोलतात. जोडीदार बदलत बदलत, म्हणजे कुणाचा कंपू होऊ नये. वर्षातून दोन दिवस घरची माणसं भेटायला येऊ शकतात. हे सगळं वाचून हे लोक माणूसघाणे असतील असं कुणी समजू नये. ज्यांना माणसं आवडत नाहीत ते अशा जागी टिकत नाहीत, कारण इथे एकटं राहायचं ते इतर वीस-तीस एकट्यांच्या भरवशावर.

आता लिकर. १६०५ मध्ये फ्रान्सच्या एका सरदाराने, द एस्त्रेने, पॅरिसच्या कार्थुशियन मठाला एका अर्काची हस्तलिखित कृती दिली. ती इतकी गुंतागुंतीची होती की शार्त्रूझच्या खोऱ्यातल्या मूळ मठात, ग्रांद शार्त्रूझमध्ये, ती नीट बसायला १७३७ उजाडलं. आधी औषध म्हणून अर्क आला, मग १७६४ मध्ये हिरवं लिकर, १८४० मध्ये पिवळं. वनस्पती १३०. पूर्ण कृती एका वेळी मठातल्या दोघा-तिघांनाच माहीत असते. गाळप खाली गावाकडच्या भट्टीत होतं, नोकरवर्ग बाहेरचा आहे, विक्री कंपनी पाहते, पण वनस्पतींचं मिश्रण आणि शेवटचा निर्णय मठाचा. उत्पादन दुप्पट करायचं ठरलं तर तो वाढीव वेळ येणार कुठून? त्याच रात्रीतून, जी आधीच दोन तुकड्यांत आहे. त्याच माणसातून, ज्याने खोलीत राहण्याचं व्रत घेतलं आहे. तीसएक माणसांच्या मठात आणखी चार जण भट्टीला जुंपले तर उरतं काय?

काहींना वाटेल, कृती एखाद्या मोठ्या कंपनीला विकून मोकळं व्हावं. हा प्रयोग इतिहासात होऊन गेला आहे आणि तो मठाच्या मर्जीविरुद्ध झाला. १९०१ मध्ये फ्रान्समध्ये संघटनांविषयीचा कायदा झाला आणि धर्मसंघांना सरकारी परवानगी सक्तीची झाली. पंतप्रधान कोंब याच्या सरकारने अर्जदार संघांचे गट पाडले: शिकवणारे, प्रवचन देणारे आणि व्यापारी. तिसऱ्या गटात एकटे कार्थुशियन. सगळ्या संघांमध्ये जे जगापासून सर्वांत दूर राहत होते, त्यांच्यावर व्यापारी म्हणून शिक्का बसला. परवानगी नाकारली गेली आणि २९ एप्रिल १९०३ रोजी सैनिकांनी मठाचं दार फोडून साधकांना बाहेर काढलं. ते परदेशात गेले आणि स्पेनमधल्या तारागोना इथे लिकर बनवत राहिले. सरकारने जप्त केलेला ट्रेडमार्क विकला. घेणाऱ्यांकडे नाव होतं, कृती नव्हती. ती कंपनी १९२९ मध्ये बुडाली आणि स्थानिक लोकांनी तिचे कवडीमोल झालेले शेअर विकत घेऊन मठाला परत दिले. ग्रांद शार्त्रूझमध्ये साधक परतले ते १९४० मध्ये.

त्या प्रजासत्ताकाची बाजू मला अगदीच पोकळ वाटत नाही. चर्चची शिक्षणावरची पकड, राजेशाहीशी असलेली सलगी, द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आरोप झाला त्या प्रकरणात काही धर्मसंघांनी ओकलेलं विष, या सगळ्याचा राग खरा होता आणि राज्य धर्मापासून वेगळं असायलाच हवं. पण त्या रागाची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याकडे एकही शाळा नव्हती. एक बडगा उगारला की तो कुणाच्या पाठीत बसतो हे पाहायची तसदी राज्य घेत नाही.

व्हिएन्नात याच्या सुमारे सव्वाशे वर्षं आधी नेमकं उलट कारण दिलं गेलं होतं. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८२ मध्ये जे संघ शिकवत नाहीत, रुग्णसेवा करत नाहीत ते बरखास्त केले आणि त्यांत कार्थुशियन पहिल्या फळीत होते. पोप सहावा पायस स्वतः व्हिएन्नाला गेला, फारसा उपयोग झाला नाही. मठांची मालमत्ता एका निधीत गेली आणि त्यातून नवे धर्मग्राम, म्हणजे चर्चचे स्थानिक विभाग, उभे राहिले, धर्मगुरूंचे पगार झाले. व्हिएन्नाजवळच्या माउरबाखच्या मठात निराधारांची सोय झाली. हे चांगलं काम होतं, मी ते नाकारत नाही. तरीही सम्राटाची फूटपट्टी चुकीची होती. जे मोजता येतं तेवढंच कामाचं असं एकदा राज्याने ठरवलं की पुढचा नंबर कुणाचा लागेल हे राज्यालाही सांगता येत नाही. एकाच संघाला एका राजवटीने निरुपयोगी ठरवलं आणि दुसरीने धंदेवाईक. दोन्ही आरोप एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

आणि जे खरोखर निरुपयोगी असतात त्यांची सत्ताधीशांना भीती वाटत नाही. १५३५ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला लंडनच्या कार्थुशियन मठाची सही हवी होती. राजाच चर्चचा प्रमुख आहे, एवढं मान्य करा. हे लोक कुणाला चिथावत नव्हते, भाषणं देत नव्हते. पण त्यांच्या शब्दाला लोकांत वजन होतं, कारण त्यांना या जगात काही कमवायचं नव्हतं हे लंडनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मठाधिपती जॉन हॉटन याला ४ मे रोजी टायबर्नला फासावर चढवून त्याच्या देहाची विटंबना केली गेली. दोन वर्षांनी त्याच मठातल्या दहा जणांना न्यूगेटच्या तुरुंगात साखळदंडात उपाशी ठेवलं. नऊ तिथेच मेले. समाजाला अशी माणसं हवी असतात का, याचं उत्तर मी या प्रसंगात शोधतो. ज्याला विकत घेता येत नाही, बढती देता येत नाही, घाबरवून काढून घ्यावं असं ज्याच्याकडे काही नाही, असा माणूस शाळा-दवाखान्यांच्या हिशेबात बसत नाही. पण तो नसेल तर समाजाचं काहीतरी मोठं जातं.

बाजाराच्या आक्षेपात एक मुद्दा मात्र वजनदार आहे. माल कमी ठेवला की किंमत चढते; मग हा नकार म्हणजेच चलाख विक्री नाही का? शार्त्रूझच्या बाटल्यांचे भाव वाढले, जुन्या बाटल्या तर लिलावात अवाच्या सवा दराने जातात, हे खरं आहे. पण लिलावातली किंमत मठाच्या हाती पडत नाही, ती बाटली साठवून ठेवणाऱ्याला मिळते. शिवाय टंचाईवर पैसा करणारा उत्पादक गाजावाजा करतो, मर्यादित आवृत्त्या काढतो, ग्राहकाला रांगेत ठेवून चेव आणतो. इथे फक्त ‘एवढंच’ असं सांगितलं गेलं. आणि ही मर्यादा बाजार पाहून सुचलेली नाही. माणसांची संख्या, जमिनीची हद्द, भेटींचे दिवस, बोलण्याचे तास, सगळ्यांनाच नऊशे वर्षं लगाम आहे. बाटल्यांची संख्या या यादीत शेवटी आली, एवढंच.

राहिला गरिबांचा प्रश्न. लिकरच्या उत्पन्नातून मठांचा चरितार्थ चालतो आणि उरलेलं दानात जातं. एकोणिसाव्या शतकात खालच्या गावांतल्या कितीतरी चांगल्या कामांना या पैशाचा आधार होता. ते दान त्यांनी थांबवलेलं नाही. पण ‘अजून कमवा म्हणजे अजून देता येईल’ हे तर्कट एकदा मानलं की त्याला अंत नाही. मग रात्रीची प्रार्थना अर्धा तास कमी करा, रविवारची सुट्टी कशाला, ब्रदरऐवजी यंत्र लावा, खोल्या पर्यटकांना भाड्याने द्या. प्रत्येक पायरीवर गरिबांचंच नाव घेता येईल आणि शेवटी मठाच्या जागी एक सधन विश्वस्त संस्था उरेल. अशा संस्था जगात पुष्कळ आहेत. ज्यांच्याकडे धन प्रचंड आहे आणि ज्यांच्या धनावर खरोखर समाजाचा हक्क आहे, त्यांच्याकडून मागावं. पावावर शुक्रवार काढणाऱ्या माणसाकडे जास्तीच्या पाळीची मागणी करणं मला अन्यायाचं वाटतं.

या नियमांतल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही. वृद्ध आईबापांना वर्षात दोनच दिवस मुलगा दिसावा, हे मला आजही कठोर वाटतं. तारुण्यात घेतलेल्या निर्णयाचं ओझं साठाव्या वर्षी कसं होत असेल, हाही प्रश्न आहे; म्हणूनच कायमचं व्रत घेण्याआधी संघ कित्येक वर्षं थांबायला लावतो आणि आलेल्यांतले बरेच परत जातात. ते परत जाऊ शकतात, हे महत्त्वाचं. जोवर दार आतून उघडता येतं, कर भरले जातात, कायदा पाळला जातो, तोवर आतल्या माणसाने कसं जगावं यात बाहेरच्याला मत असू शकतं, अधिकार नाही.

संघाची संख्या घटते आहे. जगभर मिळून आता काहीशे साधक उरले आहेत. युरोपातले मठ ओस पडत आहेत, तर दक्षिण कोरिया, ब्राझील, अर्जेंटिना अशा दूरच्या देशांत नवे उभे राहिले. जेवण थोडं वाढवा, झोप सलग द्या, मोबाइलला परवानगी द्या, म्हणजे तरुण येतील, असा सल्ला द्यायला कुणालाही पैसे पडत नाहीत. संघाने तो आजवर मानला नाही आणि मला वाटतं मानूही नये. जिथे माणसं उरली नाहीत ते घर त्यांनी बंद केलं आणि उरलेल्यांना दुसऱ्या घरात हलवलं. फ्रान्समधला सेलिन्याकचा मठ २००१ मध्ये असाच रिकामा झाला. हॉटेलवाल्यांना तो विकता आला असता. त्यांनी तो प्रापंचिक ख्रिस्ती लोकांच्या एका लहान गटाकडे सोपवला आणि नोकरी-संसार असलेली माणसं आता तिथे काही दिवस येऊन त्याच शांततेत, त्याच दिनक्रमाने राहून जातात.